मिक्सर लावला की एएम रेडिओ खरखरतो, एफएम नाही. या शांततेमागे एका हट्टी इंजिनीअरचं आयुष्य गेलंय

मिक्सर सुरू केला, पाण्याची मोटर लावली, आभाळात वीज चमकली, की गाण्याच्या मध्येच खर्रर्र. ज्यांच्या घरी मीडियम वेव्हचा रेडिओ होता त्यांना हा आवाज पाठ आहे.

आज तोच प्रॉब्लेम वेगळ्या रूपात भेटतो. काही होम ऑटोमेशन सिस्टीम घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच दिव्यांना आणि पंख्यांना सिग्नल पाठवतात. १९७० च्या दशकात आलेली एक्स-१० ही त्यातली सगळ्यात गाजलेली. विजेच्या लाटेवर १२० किलोहर्ट्झचा छोटा सिग्नल चढवायचा. सिग्नल आला तर १, नाही आला तर ०. मग कुणीतरी एखादा स्वस्तातला चार्जर प्लगला लावतं, त्याचा गोंगाट वायरीत शिरतो आणि बटण दाबूनही दिवा लागत नाही.

यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे एकेक प्लग काढून गोंगाट करणारं यंत्र शोधायचं आणि त्याला फिल्टर लावायचा. पण दुसराही एक रस्ता आहे. गोंगाट काढत बसण्यापेक्षा निरोप पाठवायची पद्धतच बदलायची. हा रस्ता जगाला दाखवला एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगने. आर्मस्ट्राँग म्हटलं की चंद्रावरचा नील आठवतो, पण कानाला रोज भेटतो तो हा आर्मस्ट्राँग.

अंगणातला टॉवर

एडविनचा जन्म १८९० चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी झालेल्या आजारामुळे त्याच्या चेहऱ्याला आणि खांद्याला झटके यायचे. मुलगा एकटा एकटा राहायचा, पण यंत्रं उघडून बघायचं वेड जबरदस्त. यॉन्कर्सच्या घराच्या अंगणात त्याने सुमारे १२५ फूट उंच अँटेना उभी केली होती. उंचीची भीती त्याला माहीतच नव्हती.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्याने रिजनरेटिव्ह सर्किट बनवलं. सिग्नल पुन्हा पुन्हा त्याच व्हॅक्यूम ट्यूबमधून फिरवून तो कितीतरी पट मोठा करायचा, अशी ही युक्ती. हेडफोनमध्ये कसाबसा ऐकू येणारा आवाज त्यामुळे खोलीभर ऐकू येऊ लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासोबत पॅरिसमध्ये असताना, १९१८ मध्ये, त्याने सुपरहेटरोडाइन रिसीव्हर शोधला. पुढे रेडिओ आणि टीव्ही घरोघरी पोहोचले ते याच तत्त्वावर.

पेटंट विकून तो श्रीमंत झाला. १९२३ मध्ये त्याने मॅरियन मॅकइनिसशी लग्न केलं. मॅरियन ही आरसीए या बड्या रेडिओ कंपनीच्या डेव्हिड सार्नोफची सेक्रेटरी. सार्नोफ तेव्हा एडविनचा दोस्त होता. ‘तेव्हा’ हा शब्द महत्त्वाचा.

खरखर येते कुठून?

एएम रेडिओत आवाजाची माहिती लाटेच्या उंचीत भरलेली असते. वीज कडाडली किंवा मोटरमध्ये ठिणगी पडली की तिचाही धक्का त्याच उंचीवर बसतो. कुठली उंची गाण्याची आणि कुठली ठिणगीची, हे रिसीव्हरला कळायला मार्ग नाही. एक्स-१० ची गोची बरीचशी अशीच आहे.

आर्मस्ट्राँगने ठरवलं की लाटेची उंची तशीच ठेवायची आणि माहिती तिच्या फ्रिक्वेन्सीत, म्हणजे लाट सेकंदाला किती वेळा हलते त्यात भरायची. मग रिसीव्हरने वरची उंची खुशाल छाटून टाकावी. गोंगाट बराचसा छाटला जातो, गाणं राहतं.

ही कल्पना नवी नव्हती. पण १९२२ मध्ये जॉन कार्सन या गणितज्ञ इंजिनीअरने गणित मांडून तिचा फायदा नाही असं दाखवलं होतं. त्या काळी सगळे सिग्नलचा पट्टा जितका अरुंद तितका गोंगाट कमी, असं धरून चालले होते. आर्मस्ट्राँगने उलटं केलं. पट्टा ऐसपैस रुंद केला, आणि खरखर गेली. १९३३ मध्ये त्याला एफएमची पेटंट मिळाली.

१९३४ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून आरसीएच्याच जागेत चाचण्या झाल्या. शंभर किलोमीटरहून दूर सिग्नल स्वच्छ पोहोचला. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्याने इंजिनीअर लोकांसमोर प्रात्यक्षिक दिलं. ग्लासात पाणी ओतल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाजसुद्धा रेडिओवर जसाच्या तसा ऐकू आला.

दोस्तीचा शेवट

सार्नोफला एएमची खरखर घालवणारं एखादं उपकरण हवं होतं. आर्मस्ट्राँगने आणली ती अख्खी नवी यंत्रणा. ती स्वीकारायची तर सगळी स्टेशनं आणि सगळे रेडिओ बदलावे लागणार. शिवाय आरसीएचा पैसा टीव्हीकडे वळला होता. १९३५ मध्ये त्याला एम्पायर स्टेटवरून सामान हलवायला सांगण्यात आलं.

मग त्याने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीतल्या अल्पाइनला टॉवर उभारला. १९४० मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर देऊ केले, पण रॉयल्टी नाही. बाकी कंपन्या रॉयल्टी देत असताना आरसीएला वेगळा नियम का, म्हणून त्याने नकार दिला. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून ८८-१०८ वर हलवला आणि लोकांच्या घरातले जुने एफएम सेट एका झटक्यात निकामी झाले.

१९४८ मध्ये त्याने आरसीएवर खटला भरला. साक्षी लांबत गेल्या. १९५० मध्ये पेटंटची मुदत संपली, रॉयल्टी आटली, वकिलांची बिलं मात्र चालूच. त्याआधी रिजनरेटिव्ह सर्किटचा खटला तो ली डी फॉरेस्टविरुद्ध १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला होता, त्यामुळे कोर्टाचा धसका जुनाच. नोव्हेंबर १९५३ मध्ये भांडणात त्याने मॅरियनवर हात उचलला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ ला, तिच्या नावे चिठ्ठी लिहून, आर्मस्ट्राँगने आयुष्य संपवलं.

मॅरियनने खटले सोडले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएने दहा लाख डॉलरहून थोडी जास्त रक्कम देऊन तडजोड केली, म्हणजे जवळपास तीच रक्कम जी त्याने १९४० मध्ये नाकारली होती. १९६७ मध्ये मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटलाही तिने जिंकला.

भारतात एफएम आलं १९७७ मध्ये, चेन्नईत. आणि विजेच्या वायरीतही आर्मस्ट्राँगचं तत्त्व पोहोचलं. फ्रान्सच्या लिंकी वीज मीटरची पहिली पिढी १ आणि ० दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर पाठवते. एका फ्रिक्वेन्सीवर गोंगाट असला तरी दुसरीवरून निरोप कळू शकतो.

अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरसोबत न्यूयॉर्कच्या टीव्ही चॅनेलचे अँटेना कोसळले, तेव्हा त्यातल्या काहींनी याच टॉवरवरून प्रसारण पुन्हा सुरू केलं.