डॉ. मारिया माँटेसरी

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीत झाला. १८९६ साली रोम विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. त्या काळी शाळांतून मुलांना जमिनीस जखडलेल्या बाकांवर तासन्‌तास निश्चल बसावे लागे. निश्चलता म्हणजेच शिस्त, असा समज होता. माँटेसरीबाईंना मात्र तो बंदिवास वाटे. १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथे त्यांनी बाकांना फाटा दिला. मुलांना स्वतः हलविता येतील अशी हलकी मेजे व लहान खुर्च्या करविल्या आणि जमिनीवर अंथरण्यास लहान सतरंज्या दिल्या. मुलाने सोयीची जागा निवडून आपल्या कामात रमावे, अशी ही योजना. याने गोंधळ माजेल, असा आक्षेप लोकांनी घेतला. परंतु धक्का लागून खुर्ची पडली की आवाज होई; त्यावरून मुलास आपली चूक कळे व ते जपून वावरू लागे. १९३९ साली माँटेसरीबाई भारतात आल्या व मद्रास येथे त्यांनी अनेक शिक्षकांस आपली पद्धती शिकविली. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले. हिंडतेफिरते मूलही शिस्तीने वागू शकते, हे त्यांनी जगास दाखवून दिले.