गर्भाशयाचे मुख जपणारे शिरोड्याचे डॉक्टर

चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ पडायचा, आत राहिलेले अवशेष डॉक्टर खरवडून काढायचे आणि घरची मंडळी बाईच्या नशिबाला दोष देऊन मोकळी व्हायची. पुढच्या खेपेसही तेच. क्युरेटिंग या नावाने घरोघरी ठाऊक असलेल्या या शस्त्रक्रियेने बाईचा जीव वाचे. मूल मात्र हाती लागत नसे. अशा अनेक स्त्रियांना मातृत्वाची वाट मोकळी करून देणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे फोंडा तालुक्यातील शिरोड्याचे सुपुत्र.

त्यांचा जन्म १८९९चा. आडनाव गावावरूनच घेतलेले. शालेय शिक्षण हुबळीला झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ साली ते एम.बी.बी.एस. झाले, १९२७ मध्ये एम.डी. आणि १९३१ मध्ये इंग्लंडात एफ.आर.सी.एस. परतल्यावर जे. जे. रुग्णालयात त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सेवा केली.

क्युरेटिंग करताना गर्भाशयाचे मुख चढत्या जाडीच्या धातूच्या सळ्यांनी रुंद करतात आणि लांब दांड्याच्या, चमच्यासारख्या क्युरेटने आतील भाग खरवडतात. जोर अधिक लागला किंवा हे वारंवार करावे लागले, तर ते मुख कायमचे सैल पडू शकते. अवघड बाळंतपणातील इजा आणि जन्मजात दुर्बलता हीही त्याची कारणे. असे मुख गर्भाचा भार वाढताच फारशा वेदनेवाचून उघडते. म्हणजे एका गर्भपातावरचा उपचारच पुढच्या गर्भपाताला निमित्त ठरण्याचा धोका!

सैल मुख शिवण्याचे प्रयत्न फ्रान्स-अमेरिकेत झाले होते, पण ते गर्भ राहण्यापूर्वी. शिरोडकरांनी धाडस केले ते गर्भ पोटात असताना. मूत्राशय किंचित वर सारून, रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी त्यांनी गर्भाशयाच्या आतल्या मुखाभोवती आवळून बांधली. मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात १९५५ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचवला. पुष्कळ डॉक्टर आज तोच घालतात. मूळ विचार मात्र शिरोड्याच्या डॉक्टरांचा, हे जगाने मान्य केले आहे. हा टाका प्रत्येक गर्भपातावरचा इलाज नव्हे. मुख खरोखरच दुबळे असेल तरच तो उपयोगी पडतो, आणि प्रसूतीपूर्वी, साधारण ३७व्या आठवड्यात काढला जातो.

अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय काढून न टाकता ते जागी बसवणारी शस्त्रक्रियाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. देशात गर्भपाताचा कायदा संमत झाला तो त्यानंतर काही महिन्यांनी.

खरवडण्याऐवजी आता निर्वात नळीने गर्भाशय रिकामे करण्याची किंवा गोळ्या देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. शिरोडकरांचा टाका मात्र टिकून आहे. मुंबईपासून तेलंगणातील आदिलाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत प्रसूतिशास्त्र शिकणाऱ्यांना पाठ्यपुस्तकात आजही या गोमंतकीय गावाचे नाव भेटते.