चूक शोधणाऱ्या ग्रेसबाई

मुलांनो, वसईच्या एखाद्या वाडीत तुम्ही सकाळच्या वेळी कधी गेला आहात काय? विहिरीचे पाणी पाटाने केळीच्या आळ्यांपर्यंत जात असते. एखाद्या दिवशी शेवटच्या आळ्यात पाणी पोहोचत नाही. अशा वेळी जाणता वाडीवाला केळीवर रागावत नाही, की सगळा पाट उकरून टाकीत नाही. तो विहिरीपासून पाटाच्या कडेकडेने चालू लागतो. पाणी कोठपर्यंत येते आणि कोठून पुढे सरकत नाही, एवढेच तो पाहतो. कोठे बांध फुटलेला असतो, तर कोठे पालापाचोळा अडकलेला असतो. तेवढा दोष दूर केला, की पाणी पुन्हा वाहू लागते.

घरातील संगणकाचेही असेच आहे. त्याच्या पडद्यावर आपण अक्षरांत एखादी आज्ञा लिहितो आणि हवे ते काम सुरू होण्याची वाट पाहतो. पण संगणक उत्तर देतो, की ही आज्ञा आपल्याला ठाऊक नाही. मग कोणी हिरमुसतो, कोणी तीच आज्ञा दहा वेळा लिहितो, तर कोणी संगणकच बिघडला असे ठरवून मोकळा होतो. वस्तुतः पाणी वाटेत कोठेतरी अडलेले असते. अशी अडलेली वाट शांतपणे शोधण्यात जिने आपले आयुष्य वेचले, त्या ग्रेस हॉपर या विदुषीची ही कथा आहे.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचे मोठे कुतूहल होते. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी एक घड्याळ उघडले. पण ते पुन्हा जुळवता येईना. म्हणून त्याची रचना समजावी या हेतूने त्यांनी दुसरे उघडले, मग तिसरे! अशी घरातील सातही घड्याळे सुटी झाली. आईच्या ध्यानात हा प्रकार आला, तेव्हा तिने मुलीच्या जिज्ञासेला बंदी केली नाही; मात्र प्रयोगासाठी एकच घड्याळ वापरण्याची अट घातली.

पुढे ग्रेसबाईंनी गणिताचा सखोल अभ्यास केला. १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टर ही पदवी दिली. व्हॅसार महाविद्यालयात त्या अध्यापन करीत होत्या. अशात दुसरे महायुद्ध पेटले. देशसेवेसाठी नौदलात जाण्याचे त्यांनी ठरवले. पण त्यांचे वय अधिक होते आणि वजन ठरलेल्या मर्यादेहून कमी! तरीही खास परवानगी मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क १’ नावाच्या गणकयंत्रावर झाली.

हे यंत्र ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होते. आजच्या एखाद्या खोलीतही ते मावले नसते. इतके अवाढव्य असूनही ते एका सेकंदात केवळ तीन बेरजा करी. त्याला आज्ञा द्यायची, तर कागदी फितीवर ठरावीक जागी छिद्रे पाडावी लागत. एक छिद्र जरी चुकीच्या जागी पडले, तरी सारे गणित चुके किंवा यंत्र थबके. युद्धकाळात ही गणिते तातडीची असत. म्हणून ग्रेसबाई व त्यांचे सहकारी रात्रंदिवस फिती तपासत आणि दोष नेमका कोठे आहे, याचा माग काढत.

९ सप्टेंबर १९४७ या दिवशी ‘मार्क २’ हे पुढचे यंत्र चालेनासे झाले. शोध घेता घेता मंडळी यंत्रातील एका विद्युत-खटक्यापाशी येऊन पोहोचली. पाहतात तो काय, त्यात दिव्याभोवती घिरट्या घालणारा एक पतंग अडकून मेलेला! त्यांनी तो चिमट्याने काढला, नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीने डकवला आणि खरोखरीचा किडा प्रथमच सापडल्याची गमतीदार नोंद त्याखाली केली. यंत्रातील दोषाला बग, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्यापूर्वीच अनेक वर्षे रूढ होती. म्हणूनच त्या नोंदीत विनोद होता. तो किडा शोधणाऱ्या त्या स्वतः नव्हत्या. पण ही हकिकत त्यांनी पुढे इतक्या आवडीने सांगितली, की ती जगभर पसरली. ती नोंदवही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आपला दोष लपवावयाचा नसतो, तर वेळ घालून लिहून ठेवावयाचा असतो, हा धडा त्या पानात आहे.

१९४९ साली ग्रेसबाई फिलाडेल्फियातील एका गणकयंत्रे बनवणाऱ्या संस्थेत गेल्या. तेथील एका यंत्रासाठी त्या आठाच्या पायावरील अंकगणित करू लागल्या. त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नसतात. काही काळाने त्यांच्या बँकेच्या हिशेबाचा मेळ बसेना. त्यांचा भाऊ बँकेत होता. त्याने अनेक संध्याकाळी बसून वही तपासली, तेव्हा उलगडा झाला, की बाई मधूनमधून घरच्या हिशेबातही आठाच्याच पद्धतीने वजाबाकी करीत होत्या! गणिताच्या विदुषीचीही अशी फसगत झाली. तिच्या मनात विचार आला, की यंत्राची भाषा माणसाने शिकण्यापेक्षा माणसाची भाषा यंत्राने का समजून घेऊ नये?

आणखीही एक अडचण होती. तपासलेल्या आज्ञा वहीतून उतरवून घेताना माणसे हमखास चुका करीत. म्हणून हे उतरवण्याचे काम यंत्रानेच करावे, अशी योजना त्यांनी १९५२ साली तयार केली. तिला कंपायलर असे नाव पडले. कंपायलर हा जणू दुभाष्याच होय. आरंभी कोणी विश्वास ठेवीना; यंत्र फक्त अंकगणित करू शकते, असे लोक म्हणत. पण बाई डगमगल्या नाहीत. पुढे त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांतील आज्ञा यंत्राला समजतील अशी सोय केली. एकदा त्यांनी त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही देऊन दाखवल्या. वरिष्ठ मंडळी गडबडली. अमेरिकेत घडवलेल्या यंत्राला फ्रेंच कसे समजेल, असे त्यांना वाटले! परंतु यंत्राला कोणतीच भाषा आपली नाही आणि परकीही नाही. शब्दाचा अर्थ त्याला ठरवून द्यावा लागतो, एवढेच.

या कामाच्या आधारे १९५९ साली कोबोल ही आज्ञाभाषा आकाराला येऊ लागली. आपल्या मुंबईतही त्याच सुमारास, १९६० साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेले ‘टिफ्रॅक’ हे गणकयंत्र कामास लागले.

१९६६ साली ग्रेसबाई नौदलातून निवृत्त झाल्या. पण पुढच्याच वर्षी नौदलाने त्यांना परत बोलावले. कारण असे, की कोबोलमध्ये लिहिलेले एकच काम एका यंत्रावर चाले, तर दुसऱ्या कारखान्याच्या यंत्रावर अडे. सर्व यंत्रांनी एकच नियम पाळावा, म्हणून बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कसोट्या तयार केल्या. त्यांच्या खोलीत उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ टांगलेले असे. एखादी गोष्ट पूर्वीपासून अशीच चालत आली आहे, या सबबीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. १९८६ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल हे उच्च पद भूषवून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९७ साली नौदलात दाखल झालेल्या एका युद्धनौकेस त्यांचे नाव देण्यात आले.

मुलांनो, तुमच्या घरचा संगणक एखादी आज्ञा नाकारील, तेव्हा पाटाच्या कडेने चालणारा तो वाडीवाला आठवा. प्रथम पाहा, आज्ञेचे एकेक अक्षर बरोबर आहे काय? मग पाहा, ते साधन संगणकात बसवलेले आहे काय? असल्यास ते ज्या जागी आहे, ती जागा संगणकाच्या शोधयादीत आहे काय? या यादीला पाथ, म्हणजे वाट, असेच म्हणतात. ते चालवण्याची परवानगी तुम्हाला आहे काय? आणि ते तुमच्या जातीच्या यंत्रासाठीच घडवलेले आहे काय? एका वेळी एकच गोष्ट बदला, संगणकाचे उत्तर नीट वाचा आणि जे सापडेल ते वहीत लिहून ठेवा.

चूक होणे हा अपराध नव्हे. ती न शोधता उठून जाणे, हीच खरी हार. सात घड्याळे उघडणाऱ्या त्या मुलीला हे लहानपणीच उमगले होते, आणि म्हणूनच ती मोठी झाली.