हिमाखाली गाडला गेलेला मास्तर: माथियास झदार्स्की

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असेल तर उघडा आणि फोनची कड जिन्याच्या कठड्याला टेकवा. स्क्रीनवर साधारण ३० ते ३५ अंश दिसतील. हा आकडा अ‍ॅक्सेलेरोमीटर नावाच्या सेन्सरमधून येतो. सिलिकॉनचा एक बारीकसा तुकडा सूक्ष्म स्प्रिंगवर टांगलेला असतो. गुरुत्वाकर्षण त्याला कोणत्या बाजूला किती ओढतंय, यावरून फोनला स्वतःचा कल कळतो.

आता तोच कठडा मनातल्या मनात डोंगर समजा आणि त्यावर मीटरभर जाडीचं हिम पसरा. ३० ते ४५ अंश हा हिमस्खलनाचा सगळ्यात धोक्याचा पट्टा. यापेक्षा कमी उतारावर हिम सहसा टिकून राहतं. खूपच खड्या उतारावर ते मोठ्या प्रमाणात साठतच नाही, थोडं थोडं करून घसरत राहतं. मधल्या उतारावर मात्र ते साठतं, आणि मग एकदम सुटतं.

मी मूळचा अकोले तालुक्यातला. आमच्याकडे कळसूबाई आहे, १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण हिम नाही. तरी दोन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र काश्मीरला स्की टूरिंग शिकायला जायचं ठरवलं. स्की टूरिंग म्हणजे लिफ्टने वर जायचं नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्टी काढायची आणि घसरत खाली यायचं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे तयारी म्हणून पहिलं काम काय केलं, तर अ‍ॅप लिहिलं. फोन उताराला टेकवा. ३० अंशांच्या खाली हिरवा रंग, वर लाल. शनिवार-रविवारात झालं. मला फार भारी वाटलं.

ते अ‍ॅप मी नंतर बदललं. का बदललं, हे सांगायचं तर एका एकाक्ष ऑस्ट्रियन मास्तरची गोष्ट सांगावी लागेल.

दोनशे व्हर्जन

माथियास झदार्स्कीचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६चा, मोरावियातल्या त्रेबिच गावाजवळचा. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. लहानपणीच त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे तो शिक्षक झाला. चित्रकला, शिल्पकला, व्यायाम सगळ्यात हात चालायचा. १८८९मध्ये त्याने ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्डजवळ डोंगरात हाबर्नराइट नावाची शेतवाडी घेतली आणि तिथे एकटाच राहायला लागला.

त्याच सुमाराला फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकाचं पुस्तक युरोपभर गाजत होतं. नान्सेनने १८८८मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केलं होतं. ते वाचून झदार्स्कीने नॉर्वेहून स्की मागवल्या. हिवाळ्यात त्याची वाडी हिमात अडकून पडायची, त्यामुळे हा छंद कमी आणि गरज जास्त होती.

स्की आल्या, पण आल्प्सच्या डोंगरात त्या चालेनात. नॉर्वेच्या तुलनेने सौम्य टेकड्यांसाठी केलेल्या त्या लांबलचक फळ्या खड्या उतारावर वळायच्याच नाहीत. बूट बांधायला वेत आणि चामड्याचे पट्टे असायचे. पाय एकीकडे वळायचा आणि स्की दुसरीकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर एका प्रदेशासाठी बनवलेलं आणि वापर दुसऱ्याच प्रदेशात.

झदार्स्की सुमारे सहा वर्षं एकट्याने प्रयोग करत राहिला. बूट स्कीला जोडणाऱ्या भागाला बाइंडिंग म्हणतात. त्याची त्याने जवळपास दोनशे रूपं करून पाहिली असं सांगतात. शेवटी जमलं ते असं: बुटाखाली पोलादी पट्टी, ती पुढच्या बाजूला बिजागरीसारखी फिरणारी आणि सोबत स्प्रिंग. टाच वर उचलता येईल म्हणजे चढता येईल. पण पाय आडवा हलणार नाही म्हणजे स्की आज्ञेत राहील. आजच्या टूरिंग बाइंडिंगची कामगिरी हीच आहे, फक्त उतरताना टाच पक्की बसवायची सोय त्यात आली आहे.

स्कीही त्याने बऱ्याच आखूड केल्या. मग वळण्याची पद्धत बसवली. एका स्कीचं मागचं टोक बाहेर ढकलून पाचरीसारखा आकार करायचा, वेग मारायचा, वजन टाकायचं आणि वळायचं. १८९६-९७च्या सुमारास त्याचं पुस्तक आलं. आल्प्सच्या खड्या उतारावर स्की कशी चालवायची हे पद्धतशीर शिकवणारं ते पहिलं पुस्तक मानतात. म्हणूनच अल्पाइन स्कीइंगचा जनक ही पदवी त्याला मिळाली.

फी नाही, वाद भरपूर

पुढची अनेक वर्षं तो लिलियनफेल्डमध्ये येईल त्याला फुकट शिकवत राहिला. व्हिएन्नाहून रेल्वेने लोक यायचे. हजारोंनी शिकून गेले. शिस्त मात्र कडक. वेगापेक्षा ताबा महत्त्वाचा, पडायचं नाही, आपल्या ताकदीबाहेर जायचं नाही. १९ मार्च १९०५ला त्याने मुकेनकोगेल डोंगरावर एक स्पर्धा घेतली. उतारावर ८५ फाटकं रोवली आणि २४ जणांना त्यातून वळत खाली यायला लावलं. त्यात एक महिलाही होती. आज ऑलिंपिकमध्ये स्लॅलम म्हणून आपण जो प्रकार बघतो, त्याची ही पहिली शर्यत धरली जाते.

हा माणूस सोपा नव्हता. नॉर्वेच्या पद्धतीचे पाठीराखे त्याच्यावर तुटून पडायचे आणि तोही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एकच लांब काठी वापरायची, हा त्याचा हट्ट. गेऑर्ग बिल्गेरी नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने झदार्स्कीची पद्धत पुढे नेली आणि दोन काठ्या वापरायला सुरुवात केली, त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. जगाने दोन काठ्या घेतल्या. म्हणजे जनक असला तरी प्रत्येक बाबतीत तो बरोबर होता असं नाही, आणि मला हे वाचून बरंच वाटलं. दोनशे व्हर्जन काढणारा माणूससुद्धा एका फीचरला चिकटून बसू शकतो.

आणखी एक गोष्ट त्याने बनवली. हलक्या कापडाची, खांब नसलेली, दोघांना डोक्यावरून ओढून घेता येईल अशी पिशवी. वादळात अडकलं तर आत बसायचं, अंगाची ऊब आतच राहते. जर्मन बोलणारे गिर्यारोहक अशा पिशवीला अजूनही झदार्स्कीच्या नावाने ओळखतात.

२८ फेब्रुवारी १९१६

पहिलं महायुद्ध सुरू झालं. ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांची आघाडी थेट आल्प्सच्या माथ्यावरून जात होती. दोन्हीकडचे सैनिक हिवाळाभर अशा उतारांवर आणि उतारांखाली राहत होते, जिथे गावकरी हिवाळ्यात पाऊल टाकत नसत. गोळीपेक्षा हिमाने माणसं जाऊ लागली. १३ डिसेंबर १९१६ला मार्मोलाडा डोंगराखालच्या ऑस्ट्रियन छावणीवर एकच हिमलोंढा आला आणि अडीचशेहून अधिक सैनिक गेले. त्या एका महिन्यात दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले हजारोंत मोजतात.

झदार्स्की सैन्याला डोंगरात वावरायला शिकवत होता आणि हिमस्खलनाचा जाणकार म्हणून काम करत होता. मार्मोलाडाच्या आधीची, २८ फेब्रुवारी १९१६ची गोष्ट. साठावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. डोंगरात कामावर असताना हिमलोंढ्याने त्यालाच उचललं आणि गाडलं.

इथे जरा थांबून हिमाचं गणित बघू. ताजं हिम कापसासारखं वाटतं, पण घसरून थांबलेल्या लोंढ्याचं वजन एका घनमीटरला तीनशे ते पाचशे किलो भरू शकतं. हलत असताना ते पाण्यासारखं वाहतं. थांबलं की काही क्षणांत घट्ट होतं, इतकं की बोटसुद्धा हलवता येत नाही. आत माणूस बहुतेक वेळा गुदमरून मरतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे.

झदार्स्कीला बाहेर काढलं तेव्हा तो जिवंत होता. हाडं मोडण्याच्या आणि सांधे निखळण्याच्या मिळून सुमारे ८० दुखापती, पाठीच्या कण्यालाही मार. या वयात, त्या काळच्या वैद्यकात, गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्याने बाइंडिंगवर केलं तेच स्वतःच्या शरीरावर केलं. सांधे हलवायची साधनं स्वतःच तयार केली, वर्षानुवर्षं व्यायाम केला आणि पुन्हा स्कीवर उभा राहिला.

मग त्याने काय लिहिलं

१९२९मध्ये हिमस्खलनावरचं त्याचं पुस्तक आलं. गाडलं गेल्यावर काय होतं, हेही त्याने लिहून ठेवलं. त्याच्या सांगण्याचा गाभा एवढाच: पांढरं, शांत, निरागस दिसणारं हिम हे धोक्याचं सोंग आहे, आणि डोंगर ओळखीचा झाला म्हणून ते सोंग गळून पडत नाही. हे लिहिणारा नवखा नव्हता. त्या विषयात त्याच्याइतकं कळणारे फार थोडे होते, तरीही तो सापडला.

२० जून १९४०ला सांक्ट प्योल्टन इथे वयाच्या ८४व्या वर्षी तो वारला.

हिरवा रंग मी का काढला

काश्मीरमध्ये पहिल्या सकाळी गाइडने प्रत्येकाच्या छातीवर एक बीकन बांधला. हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल सोडतं. त्याला नेटवर्क लागत नाही, जीपीएस लागत नाही. कोणी गाडलं गेलं, तर बाकीचे आपले बीकन शोधायच्या मोडवर टाकतात आणि चाळीस-पन्नास मीटरवरून माग काढतात. सोबत फावडं आणि जोडून लांब होणारी सळई हवीच, कारण बीकन जागा सांगतो, खणत नाही. फोन मात्र त्या सिग्नलमध्ये अडथळा आणतो. म्हणून चालताना बीकनपासून निदान २० सेंटीमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब किंवा सरळ बंद.

मग मी कौतुकाने अ‍ॅप दाखवलं. आम्ही उभे होतो तिथे २२ अंश, छान हिरवा. गाइडकाकांनी स्क्रीन बघितली आणि बोट वर केलं. आमच्या डोक्यावर वाऱ्याने हिम आणून भरलेला मोठा उतार होता. तो सुटला असता तर आमच्या हिरव्या २२ अंशांवरूनच गेला असता. शिवाय हिमाच्या आत एखादा कच्चा थर असेल, तर पायथ्याशी उभ्या माणसाच्या वजनानेही वरचा उतार तुटू शकतो. माझं अ‍ॅप पायाखालचं खरं सांगत होतं आणि डोक्यावरचं काहीच सांगत नव्हतं. त्यातून हिरवा रंग दाखवून धीरही देत होतं. बळी गेलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांच्या बाबतीत हिमलोंढा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेला असतो, हे मी तोवर वाचलेलं होतं. तरीही अ‍ॅप तसंच लिहिलं होतं.

आम्ही तिथूनच मागे फिरलो. त्या दिवशी तो उतार सुटला की नाही, मला माहीत नाही. झदार्स्कीबद्दल मी वाचायला लागलो ते त्या रात्री.

हे फक्त हिमाचं नाही. ३० जुलै २०१४ला माळीण गेलं, १५०हून अधिक माणसं. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी गेली. दोन्हीकडे डोंगर रोजच्या ओळखीचा होता. माझे आजोबा पावसाळ्यात झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा बांधाच्या वर नवी भेग दिसली, की आधी जनावरं सोडायचे आणि मग बाकीचं बोलायचे. घराची जागा कितीही सपाट असो, ते बघायचे वरच.

तुम्ही हिवाळ्यात हिमालयात जाणार असाल तर डीआरडीओच्या डीजीआरई संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा बघा, गाइडला बीकन, फावडं आणि सळई आहे का विचारा, आणि नसेल तर हिमाच्या उतारावर जाऊ नका.

अ‍ॅप अजून माझ्या फोनमध्ये आहे. आता त्यात रंग नाहीत. अंश दिसतात आणि त्याखाली एक प्रश्न: वरचा उतार बघितला का? उत्तर द्यायला बटण ठेवलेलं नाही.