बूटपॉलिशच्या कारखान्यात राबणारा १२ वर्षांचा मुलगा पुढे चार्ल्स डिकन्स झाला!

‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही नावं तुम्ही नक्कीच ऐकली असतील. एखादा पोर ठेचकाळत मोठा कसा होतो, हे सांगणाऱ्या १९व्या शतकातल्या कादंबऱ्यांमध्ये या दोन्हींचं स्थान फार वरचं आहे. पण त्यांच्यामागे एक खरं बालपण होतं आणि लेखकाने ते जवळजवळ जन्मभर लपवून ठेवलं.

वडील तुरुंगात, मुलगा कामावर

चार्ल्स डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. वडील जॉन नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. पगार बरा, पण खर्चाला धरबंध नाही. कर्ज वाढत गेलं आणि फेब्रुवारी १८२४ मध्ये त्यांची रवानगी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात झाली. कर्ज फेडता आलं नाही तर कैद, असा तेव्हाचा कायदाच होता. पुढे आई आणि धाकटी भावंडंही तुरुंगातच राहायला गेली.

त्याच सुमारास शाळा सुटलेला १२ वर्षांचा चार्ल्स थेम्सकाठच्या एका पडक्या इमारतीत कामाला लागला. बूटपॉलिशच्या बरण्यांना कागद बांधायचा आणि लेबल चिकटवायचं. रोज १० तास काम, आठवड्याला ६ शिलिंग पगार.

साधारण तीन महिन्यांनी वडील सुटले, पण चार्ल्सचं काम चालूच राहिलं. पुढे वडिलांनीच त्याला तिथून काढलं. आईला मात्र त्याने परत कामावर जावं असं वाटत होतं. ही गोष्ट तो कधीच विसरला नाही.

जे बोलता आलं नाही, ते लिहिलं

नंतर तो पुन्हा शाळेत गेला, १५व्या वर्षी वकिलाकडे कारकून झाला, शॉर्टहँड शिकून संसदेचा वार्ताहर झाला. १८३६ मध्ये सुरू झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ने त्याला घराघरांत पोहोचवलं. तरीही कारखान्याची लाज गेली नाही. मित्र जॉन फोर्स्टरला त्याने ते सांगितलं, पण स्वतःच्या मुलांना सांगितलं नाही. आत्मचरित्र लिहायला घेतलं, तेही अर्धवट सोडलं.

मग मे १८४९ पासून ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ दरमहा प्रसिद्ध होऊ लागली. सावत्र बाप छोट्या डेव्हिडला गोदामात बाटल्या धुवायला पाठवतो. कायम कर्जात बुडालेल्या मिकॉबरमध्ये डिकन्सचे वडील दिसतात. नायकाची आद्याक्षरंही लेखकाचीच, फक्त उलटी! स्वतःच्या पुस्तकांत डिकन्सला हेच सर्वांत लाडकं होतं.

दहा वर्षांनी प्रश्न बदलला

१८६० मध्ये ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ लिहिण्याआधी त्याने ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ पुन्हा वाचली, तेच पुन्हा लिहिलं जाऊ नये म्हणून. डेव्हिडवर जग अन्याय करतं. इथे अनाथ पिपला अचानक पैसा मिळतो आणि ज्याने मायेने वाढवलं, त्या लोहार जोचीच त्याला लाज वाटू लागते. म्हणजे या वेळी चूक नायकाची आहे. लाज माणसाचं काय करते, हे डिकन्सला चांगलंच ठाऊक होतं.

९ जून १८७० रोजी, ५८व्या वर्षी डिकन्स गेला. त्यानंतर फोर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून कारखान्यातल्या त्या मुलाची गोष्ट जगाला कळली.

सुरुवात कुठून करायची? ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आकाराने लहान आहे, ती आधी घ्या. मग निवांत वेळ काढून डेव्हिडला भेटा.