लाकूडकामाला यंत्र देणारा बेंथम

बेंथम हे नाव उच्चारताच कायद्याच्या विद्यार्थ्याला उपयुक्ततावादाचा प्रवर्तक जेरेमी बेंथम आठवतो. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना वनस्पतींच्या वर्गीकरणाची बेंथम-हूकर पद्धती आठवते. या दोघांच्या मध्ये उभा असलेला तिसरा बेंथम मात्र सहसा कोणाला आठवत नाही. तो पहिल्याचा धाकटा भाऊ आणि दुसऱ्याचा पिता. वखारीत किंवा फर्निचरच्या कारखान्यात आज जे रंधा मशीन घरघरत असते, त्याच्या पूर्वजाचा आराखडा दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर उतरवणारा हा माणूस म्हणजे सर सॅम्युअल बेंथम.

सॅम्युअलचा जन्म ११ जानेवारी १७५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सुखवस्तू वकील होते. थोरल्या जेरेमीने कायद्याचा अभ्यास केला. सॅम्युअलचा ओढा मात्र अवजारांकडे होता. वेस्टमिन्स्टरच्या नामांकित शाळेत शिकलेला हा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी हट्टाने जहाजबांधणीच्या उमेदवारीला लागला. वकिलाच्या मुलाने गोदीत वाकस आणि करवत हाती धरणे त्या काळी रूढ नव्हते. वुलिच आणि चॅटम येथील सरकारी गोद्यांमध्ये त्याने सात वर्षे काढली. लाकूड कसे निवडतात, कसे चिरतात, कसे वाया जाते, हे त्याने तेथे जवळून पाहिले.

त्या काळी इंग्लंडमधील लाकूडकाम जवळजवळ संपूर्णपणे माणसाच्या बाहुबळावर चालत असे. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवून एक करवत्या वर आणि एक खाली उभा राही. फळी सपाट आणि कडा सरळ करण्याचे काम रंध्याचे. ते वरवर सोपे वाटते. पण लांब फळीची कड सरळ करताना सुरुवातीला रंध्याच्या पुढच्या भागावर आणि शेवटी मागच्या भागावर भार द्यावा लागतो. हा भार बदलण्याचा क्षण चुकला की कड मध्येच उंच राहते किंवा टोकाला उतरते. हे भान यायला वर्षे लागत. म्हणजे चांगल्या फळीची किंमत ही मुख्यतः त्या वर्षांची किंमत असे.

इंग्लंडमध्ये मनाजोगे काम मिळेना, तेव्हा सॅम्युअल १७८० मध्ये रशियाला गेला. सैबेरिया ओलांडून तो चीनच्या सीमेपर्यंत हिंडला. खाणी, कारखाने आणि तेथील कामाच्या रीती त्याने बारकाईने पाहिल्या. पुढे सम्राज्ञी कॅथरिनचा विश्वासू प्रिन्स पोटेमकिन याने आपल्या क्रिचेव्ह येथील जहागिरीतील कारखान्यांचा कारभार त्याच्याकडे सोपवला. आज हे ठिकाण बेलारूसमध्ये आहे. जहाजे बांधायची होती, पण हाताशी कुशल कारागीर मोजकेच; बाकी सारे शेतावरून आणलेले मजूर. इंग्लंडच्या गोदीतील सात वर्षांची उमेदवारी या माणसांना कोठून द्यायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

या प्रश्नाला त्याने दोन उत्तरे शोधली. पहिले देखरेखीचे. मध्यभागी बसलेल्या एका माणसाला भोवतालचे सर्व कामगार दिसतील, अशा गोलाकार इमारतीची कल्पना त्याने मांडली. भावाला भेटायला आलेल्या जेरेमीने ती उचलली आणि तिच्यातून तुरुंगाची जगप्रसिद्ध योजना तयार केली. 'पॅनॉप्टिकॉन' या नावाने ती जेरेमीच्या खात्यावर जमा झाली. दुसरे उत्तर यंत्राचे होते. कौशल्य माणसाच्या हातात नसेल, तर ते अवजारातच बसवावे, हा तो विचार. यंत्राने लाकूड रंधण्याचे त्याचे पहिले प्रयोग रशियातलेच.

१७८८ मध्ये तुर्कांविरुद्धच्या युद्धात, नीपर नदीच्या मुखाशी, त्याने लहान नौकांवर मोठ्या तोफा चढवून रशियाच्या विजयाला हातभार लावला. या कामगिरीबद्दल त्याला सेंट जॉर्जचे सन्मानपदक मिळाले आणि तो रशियाच्या सैन्यात ब्रिगेडियर जनरलच्या पदापर्यंत पोचला. त्याच्या नावामागचे 'सर' हे बिरुदही याच रशियन सन्मानातून आले.

१७९१ मध्ये तो मायदेशी परतला. जेरेमीला आपल्या नियोजित तुरुंगातील कैद्यांसाठी उद्योग हवा होता. कैदी म्हणजे पुन्हा अकुशल हात. क्रिचेव्हचाच प्रश्न लंडनमध्ये नव्याने उभा राहिला. त्याच वर्षी सॅम्युअलने रंधायंत्राचे पहिले पेटंट घेतले. या यंत्रातला रंधा संपूर्ण फळीच्या रुंदीचा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या होत्या. फळी ठरलेल्या जाडीपर्यंत उतरली की या पट्ट्या खाली टेकत आणि रंध्याचे कापणे आपोआप थांबे. ढकलणाऱ्याला ना नजर लागे, ना अंदाज.

हे यंत्र उपयुक्त होते, पण ते अजून हाताचीच नक्कल करत होते. रंधा पुढे जाताना कापतो आणि मागे येताना रिकामा येतो. १७९३ च्या दुसऱ्या, विस्तृत पेटंटात सॅम्युअलने ही मर्यादा ओलांडली. पाते पुढेमागे ढकलण्याऐवजी ते आसावर बसवून फिरवावे, म्हणजे कापण्यात खंड पडणार नाही. सपाट करणे, खाचा पाडणे, नक्षीच्या कडा काढणे, चिरणे अशा लाकूडकामाच्या जवळजवळ प्रत्येक क्रियेसाठी यंत्राची कल्पना त्या पेटंटात आहे. पुढल्या शतकातील अनेक यंत्रांची बीजे तेथे सापडतात.

जेरेमीच्या वेस्टमिन्स्टर येथील घराच्या आवारात ही यंत्रे उभी राहिली. तुरुंग मात्र उभा राहिला नाही. वीस वर्षे खेटे घातल्यावर, १८१३ मध्ये, जेरेमीच्या हाती २३ हजार पौंडांची भरपाई आली आणि ती योजना संपली. कैद्यांसाठी घडवलेल्या यंत्रांना नवा धनी मिळाला तो ब्रिटिश नौदलाच्या रूपाने. १७९६ मध्ये सॅम्युअलची नौदलाच्या बांधकामांचा महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी त्याने मेरी सोफिया फोर्डाइस हिच्याशी विवाह केला.

ज्या गोद्यांमध्ये उमेदवारी केली, त्याच गोद्यांमध्ये तो आता अधिकारी म्हणून आला आणि जुन्या रीतींना हात घालू लागला. लाकडाच्या ढलप्या घरी नेण्याचा कामगारांचा जुना हक्क होता. त्यापायी चांगले लाकूडही ढलप्यांच्या मापाचे होऊन बाहेर जाई. १८०१ मध्ये तो हक्क रद्द होऊन त्याऐवजी रोख भत्ता आला. १७९९ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत वाफेचे इंजिन बसले. सुक्या गोदीतील पाणी उपसणे आणि लाकूडकामाची यंत्रे चालवणे ही दोन्ही कामे वाफेकडून करून घेण्याची त्याची योजना होती.

यंत्रांबद्दल कामगारांच्या मनात भीती होती आणि ती निराधार नव्हती. १७६८ मध्ये लंडनजवळ लाइमहाउस येथे उभारलेली यांत्रिक करवतीची गिरणी संतप्त करवत्यांनी मोडून टाकली होती. पोर्ट्समथमध्ये पुढे जे घडले, त्यातून या भीतीचे कारण कळते. शिडाच्या जहाजाला शेकडो कप्प्या लागत आणि नौदलाची वर्षाची गरज लाखाच्या घरात होती. सॅम्युअल स्वतः कप्प्या बनवण्याच्या यंत्रांचा विचार करत असतानाच मार्क इझम्बार्ड ब्रुनेल हा फ्रान्समधून परागंदा झालेला अभियंता आपले आराखडे घेऊन त्याच्याकडे आला. ते आपल्यापेक्षा सरस आहेत, हे सॅम्युअलने ओळखले, आपली योजना बाजूला ठेवली आणि ब्रुनेलची शिफारस केली. हेन्री मॉडस्ले याने ती यंत्रे घडवली. १८०८ मध्ये तेथे एक लाख तीस हजार कप्प्या तयार झाल्या. पूर्वी ११० माणसे लागत त्या कामाला दहा माणसे पुरू लागली. ब्रुनेलला सतरा हजार पौंडांहून अधिक मोबदला आणि अक्षय कीर्ती मिळाली. उरलेल्या शंभर माणसांचे नाव इतिहासात नाही.

सॅम्युअलच्या वाट्याला मात्र अधिकाऱ्यांचा रोष आला. १८०५ मध्ये त्याला जहाजे बांधून घेण्याच्या कामगिरीवर रशियाला धाडण्यात आले. १८०७ मध्ये तो परतला, तेव्हा त्याचे पद रद्द झालेले होते. नौदल मंडळावर त्याला दुय्यम जागा देण्यात आली. १८१२ मध्ये तीही गेली. त्यानंतर तो कुटुंबासह फ्रान्सला गेला आणि दक्षिणेत शेतीवाडी करून राहिला. आयुष्याच्या अखेरीस इंग्लंडला परतून १८३१ मध्ये त्याने लंडनमध्ये देह ठेवला. पुढील वर्षी जेरेमीही गेला. सॅम्युअलचे चरित्र पत्नीने लिहिले. पण तिच्या निधनानंतर, १८६२ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याच्या मुलाच्या, जॉर्जच्या, हूकरसह लिहिलेल्या महाग्रंथाचे प्रकाशन सुरू झाले आणि बेंथम हे नाव तिसऱ्याच कारणाने जगभर पोचले.

फिरत्या पात्याची वाटचाल मात्र थांबली नाही. १८०२ मध्ये जोसेफ ब्रामाने मोठ्या फिरत्या चकतीवर पाती बसवून रंधायंत्र बनवले. १८२८ मध्ये अमेरिकेत विल्यम वुडवर्थने फिरत्या रुळावर पाती लावलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे फळीची कड सरळ करणाऱ्या यंत्रात दोन टेबले आली. मागचे टेबल पात्याच्या माथ्याशी समपातळीत आणि पुढचे कापायच्या जाडीइतके खाली. सुताराच्या हाताने भार बदलण्याचे जे कसब होते, त्याचा मोठा भाग या टेबलांनी उचलला. पण या सोयीची किंमत कामगारांच्या बोटांनी चुकवली. सुरुवातीचे रूळ चौकोनी ठोकळ्यासारखे असत आणि त्यांच्या पोकळीत हात ओढला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल रूळ आले, तेव्हा हे अपघात पुष्कळ सौम्य झाले.

सरळ पात्यांच्या रुळात आणखी एक उणीव राहिली. संपूर्ण लांबीचे पाते एकाच वेळी लाकडावर आदळते. त्यामुळे कानठळ्या बसतात आणि उलट्या रेषेचे लाकूड उपटून निघते. शिवाय सर्व पाती केसभरही कमीजास्त न होता एका उंचीवर बसवावी लागतात आणि त्यासाठी पुन्हा कुशल हातच शोधावा लागतो. म्हणून आज अनेक कारखानदार आणि सुतार जुन्या यंत्रातील हा रूळ काढून त्याजागी मळसूत्री रूळ बसवतात. त्यावर कार्बाइडची लहान चौकोनी पाती मळसूत्राच्या ओळीत बसवलेली असतात. ती एकामागून एक लाकडाला भिडतात. आवाज कमी होतो, पृष्ठभाग नितळ निघतो. खिळा लागून एखाद्या पात्याची धार गेली, तर स्क्रू सैल करून तेवढेच पाते पाव फेरा फिरवायचे. चारही बाजूंना धार असते. उंची जुळवण्याचा खटाटोप उरत नाही, कारण प्रत्येक पात्याची बैठक रुळातच अचूक कोरलेली असते.

कौशल्य हातातून काढून अवजारात बसवायचे, हेच सूत्र सॅम्युअलने क्रिचेव्हच्या मजुरांकडे पाहून धरले होते. ते पुरते साधले, असे मात्र म्हणता येत नाही. कोणती फळी निवडावी, तिची कोणती बाजू खाली धरावी, रेषा कोणत्या दिशेला आहे, हे आजही यंत्र सांगत नाही. ते ठरवतो यंत्रासमोर उभा असलेला सुतार. गोदीत सात वर्षे उमेदवारी केलेल्या सॅम्युअलला हे ठाऊक नसेल, असे मानण्याचे कारण नाही.