दोन राज्यांचा पाया घालणारे शहाजीराजे

बंगळूरूहून कोलारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या पाळेगारांनी येथे नवा कोट बांधला आणि त्यावरून गावाला हे नाव मिळाले. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या गावाचा मराठ्यांच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. सतराव्या शतकात बंगळूरू, होसकोटे, कोलार हा मुलूख शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत होता. शहाजीराजे स्वतः कधीही सिंहासनावर बसले नाहीत. परंतु त्यांच्या दोन पुत्रांनी दोन राज्ये स्थापन केली.

शहाजीराजे हे वेरूळच्या मालोजी भोसले यांचे पुत्र. मालोजी अहमदनगरच्या निजामशाहीत सरदार होते. सिंदखेडचे मातब्बर सरदार लखुजी जाधवराव यांच्या कन्या जिजाबाई यांच्याशी शहाजीराजांचा विवाह झाला. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोठी लढाई झाली. मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित सैन्याचा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पराभव केला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला. मात्र त्यांचे धाकटे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. पुढे १६२९ साली लखुजी जाधवरावांची निजामशहाच्या दरबारातच हत्या झाली. कितीही निष्ठेने सेवा केली तरी सरदाराचे जीवित दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हे या घटनेने दाखवून दिले. त्यानंतर काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजीराजांचा जन्म झाला.

१६३३ साली मुघलांनी दौलताबाद जिंकून निजामशहाला कैद केले. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका बालकाला पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्यकारभार केला. त्यांचा मोड करण्यासाठी बादशहा शाहजहान स्वतः दक्षिणेत आला. ज्या सत्तेशी शहाजीराजे झुंजत होते, तिची मुळे फार दूर, मध्य आशियात होती. १२०६ साली चंगीझखानाने मंगोल टोळ्यांना एका सत्तेखाली आणले. त्याच्या वंशजांनी चीनपासून पूर्व युरोपापर्यंत साम्राज्य पसरवले. भारतात मुघल सत्ता स्थापन करणारा बाबर मातृकुळाकडून चंगीझखानाचा वंशज होता आणि ‘मुघल’ हा शब्दही ‘मंगोल’ या शब्दावरूनच आला आहे. अशा बलाढ्य सत्तेशी आदिलशहाने तह केल्यावर शहाजीराजे एकाकी पडले. १६३६ साली त्यांना माहुली किल्ला सोडावा लागला. निजामशाही संपली आणि शहाजीराजांना विजापूरच्या आदिलशाहीची चाकरी पत्करावी लागली.

आदिलशहाने त्यांना रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकाच्या मोहिमेवर पाठवले. १६३८ साली केंपेगौडा घराण्याकडून बंगळूरूचा किल्ला घेण्यात आला आणि तो मुलूख शहाजीराजांकडे सोपवण्यात आला. होसकोटे, कोलार आदी ठाणीही त्यांच्या ताब्यात आली. जिंकलेल्या पाळेगारांना समूळ नष्ट करण्यापेक्षा खंडणी घेऊन त्यांना आपापल्या जागी ठेवणे त्यांनी पसंत केले. त्यांच्या दरबारात विद्वानांना आश्रय होता. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ शहाजीराजांच्या गौरवार्थ लिहिला. त्यात अनेक भाषांतील कवींच्या रचना आहेत. कन्नड मुलखात वसलेला हा मराठी दरबार किती बहुभाषी होता, हे त्यावरून दिसते.

शहाजीराजांकडे पुणे परगण्याचीही जहागीर होती. बाल शिवाजीराजे व जिजाबाई काही काळ बंगळूरूला राहिले. नंतर शहाजीराजांनी त्या दोघांना पुण्याला पाठवले. थोरले पुत्र संभाजीराजे, तसेच तुकाबाई यांचे पुत्र एकोजीराजे कर्नाटकात राहिले. अशा रीतीने एकाच कुटुंबाची दोन ठिकाणी दोन घरे झाली.

पुण्याकडे शिवाजीराजांनी स्वराज्याचा उद्योग आरंभला आणि त्याची झळ पित्याला लागली. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळच्या छावणीत शहाजीराजांना अटक करून विजापूरला नेण्यात आले. पित्याचे प्राण वाचवायचे की नव्या राज्याचा पाया राखायचा, असा बिकट प्रसंग तरुण शिवाजीराजांपुढे उभा राहिला. त्यांनी मुघल शाहजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार करून विजापूरवर दडपण आणले. अखेर कोंढाणा आणि बंगळूरूचा किल्ला आदिलशहाला देण्याच्या अटीवर १६४९ साली शहाजीराजांची सुटका झाली. काही वर्षांनी कनकगिरीच्या लढाईत संभाजीराजे मारले गेले. पुत्रशोक सोसूनही शहाजीराजे अखेरपर्यंत मोहिमांवर राहिले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. कर्नाटकातील चन्नगिरी तालुक्यातल्या या गावी त्यांची समाधी आहे.

त्यांच्या मागे दोन्ही घरे वाढली. शिवाजीराजांचा १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. एकोजीराजांनी १६७५ साली तंजावर जिंकून तेथे आपली गादी स्थापन केली. मोठ्या सत्तांच्या वारसांत वाटणीवरून कलह होतात. चंगीझखानाचे साम्राज्यही त्याच्या नातवंडांच्या काळात चार भागांत विभागले गेले. भोसले घराणेही याला अपवाद नव्हते. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजीमहाराजांनी वडिलांच्या जहागिरीतील अर्धा वाटा मागितला. भेटीतून काही निष्पन्न झाले नाही आणि दोन्ही भावांच्या सैन्यांत लढाई झाली. मात्र विजय मिळूनही महाराजांनी तंजावर घेतले नाही. त्यांनी तह केला. एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या समंजस सल्ल्याचा हा तह होण्यात मोठा वाटा होता. बंगळूरू आणि होसकोटे हा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला.

हा मुलूख भोसल्यांकडे फार काळ राहिला नाही. १६८७ साली औरंगजेबाच्या फौजेने बंगळूरू घेतले आणि नंतर ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. तंजावरची गादी मात्र १८५५ पर्यंत टिकली. मराठीतील आरंभीची नाटके त्या दरबारात लिहिली गेली. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे आजही जतन केलेली आहेत. बंगळूरूच्या काडू मल्लेश्वर मंदिरात एकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख आहे.

शहाजीराजांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दरबारात चाकरी केली. अपयश, कैद आणि पुत्रवियोग त्यांच्या वाट्याला आले. तरीही फौज उभारणे, मुलूख सांभाळणे आणि परप्रांतातील लोकांना आपलेसे करणे ही विद्या त्यांनी पुढील पिढीच्या हाती दिली. रायगड आणि तंजावर या दोन्ही गाद्यांच्या मुळाशी त्यांचे हे कष्ट आहेत.